काटेसावरीला घातलेला हार

या, जरा जवळ सरकून बसा. हातातली जपमाळ चालूच राहू द्या. तेवढ्यात एका पोपटाची आणि एका काटेरी झाडाची गोष्ट सांगतो.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. पुरानी बस्तीतल्या आमच्या लहानशा मंदिराच्या अंगणात काटेसावर होती. इथले लोक तिला सेमल म्हणतात. फाल्गुनात नागपूरहून नरहरीबुवा कीर्तनाला आले. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी तिच्याकडे बोट केलं. “फांदीवरचा पोपट पाहा, मुखी रामनाम! आणि ही? लाल फुलांनी बोलावते, फळात निघतो कापूस. वर अंगभर काटे! भक्त कोण, ढोंगी कोण?”

आम्ही टाळ्यांनी अंगण डोक्यावर घेतलं.

सकाळी मंदिराचे कारभारी यशवंतराव कुऱ्हाडवाल्याला घेऊन हजर. मंडपासाठी त्यांना जागा हवीच होती.

शेजारच्या सुशीलाकाकू आडव्या आल्या. “काहून तोडून राहिले, भाऊजी?”

“बुवाच बोलले ना, झाड ढोंगी आहे!”

“मग ढोंग्याच्या पोटात पोपट काहून राहते? वर ढोली पाहा. मले तर पिल्लांचा आवाज येते. बोलवा बुवाले!”

बुवा उपरणं सावरत आले. ढोलीतून खरंच लाल चोच डोकावली. तेवढ्यात मंदिरातली मांजर बुंध्यावर झेपावली आणि काटे टोचताच पंजा चाटत परतली.

जेवणाचं बोलावणं आलं तरी बुवा हलेनात. “चारा आणतो तो बाप असेल का हो? आणि आत कापूस अंथरत असतील?”

“उद्या तोडू,” यशवंतराव कुऱ्हाडवाल्याला म्हणाले. “आज कीर्तन होऊ दे.”

संध्याकाळी पूर्वरंग संपला. मध्यंतरात बुवांना बुक्का लावून हार घालायची रीत, मान यशवंतरावांचा. ते पुढे झाले, तर बुवांनी मान मागे घेतली.

“काल मी निम्मंच पाहिलं. एक नाम घेतो, दुसरी नाम घेणाऱ्याला सांभाळते. आजचा हार तिला घाला.”

यशवंतराव घुटमळले. आज बुक्का लावलेल्या झाडावर उद्या कुऱ्हाड कशी घालायची?

“बुवा, माह्या मंडपाचं काय?”

“वळवा ना थोडा!” मागून काकू म्हणाल्या. सगळे हसले, यशवंतरावही. त्यांनी खोडाला बुक्का लावला, हार चढवला. शेवंती काट्यांत अशी अडकली की वाऱ्यानंही सरकली नाही.

मंडप झाडाला वळसा घालून उभा राहिला. काकू आता नाहीत. कुठल्याही कीर्तनात बुवांच्या गळ्यात हार पडताना पाहाल, तेव्हा एवढं करा: ढोलीतल्या पिल्लांचा आवाज ऐकणाऱ्या आमच्या सुशीलाकाकूंना आठवा.