थोरल्याच्या अंगठ्याची भिंत

मी एक जुनी हातोडी आहे. भिंती फोडणं एवढंच माझं काम, असं लोकांना वाटतं. साफ खोटं आहे ते, मित्रांनो. फोडणं काय, कोणालाही येतं. माझं खरं काम भिंतीला विचारायचं. टाइल लावण्याआधी भिंत ठोकून बघतात. गिलावा विटेला धरून असेल तर आवाज येतो 'टक्'. आतून सुटला असेल तर 'डब्'.

लोहाराच्या भट्टीत मी तयार झाले, आणि गवंडीकाम करणाऱ्या दोन भावांपैकी थोरल्यानं मला विकत घेतलं. थोरला बोलायला तिखट, पण हात मोठा मायेचा. त्याच्या मुठीत झिजून झिजून माझा दांडा त्याच्याच बोटांच्या मापाचा झाला. धाकट्याला तो मला हात लावू द्यायचा नाही. आधी कान तयार कर, मग हातोडी माग, म्हणायचा. गिलावा झाला की ओल्या कोपऱ्यात अंगठा दाबून ठेवायची त्याला खोड होती. मालक लोक कुरकुरायचे आणि धाकटा खुदुखुदु हसायचा. लोक लांबून बोलावणं पाठवायचे ते थोरल्याच्या कानासाठी, म्हणजे थोडं माझ्यासाठीही. सुखाचे दिवस होते ते.

मग थोरल्याला खोकला लागला. जन्मभराची सिमेंटची धूळ छातीत बसली होती, ती निघायचं नाव घेईना. त्याचं शेवटचं काम एका बाथरूमचं. धाकटा तेव्हा दुसरीकडे कामाला होता. गिलाव्याआधी विटा झाडून, धुऊन भिजवाव्या लागतात. तीन भिंती त्यानं कशाबशा भिजवल्या, चौथीच्या वेळी बादली काही उचलवेना. धुळकट, कोरड्या विटांवरच त्यानं गिलावा चढवला, खोकत, मधूनमधून भिंतीला डोकं टेकत. अंगठा मात्र दाबला. त्यानंतर तो कामावर आला नाही, आणि महिन्याभरात गेलाच.

थोरल्याच्या बायकोनं मला धाकट्याच्या हाती दिलं. त्याची बोटं दांड्यावरच्या खाचांत बसली मात्र, चटका लागल्यासारखा त्यानं हात काढून घेतला. स्वतःसाठी नवी हातोडी आणली आणि मला पिशवीच्या तळाशी टाकून दिलं. मी गंजले. वाईट वाटलं, पण त्याच्यावर रागावणार तरी कशी?

काही वर्षांनी त्याच बाथरूमचं काम आलं. घरमालकीण सांगत होती की पोपडे निघतात, नळामागची ओल वर चढलीय, आईला आंघोळीला बसवायचं तर जीव खालीवर होतो. एकदाच्या टाइल लावून टाका, म्हणाली. धाकट्यानं ओळंबा सोडून भिंती सरळ आहेत का ते पाहिलं. एका भिंतीला चांगलंच पोट आलं होतं. तिचा रंग खरवडता खरवडता खालच्या कोपऱ्यातून तो अंगठा वर आला.

धाकट्यानं आपला अंगठा त्यात ठेवून पाहिला. मग पिशवीत हात घालून त्यानं मलाच बाहेर काढलं. का, कोण जाणे.

डब्. मित्रांनो, शपथेवर सांगते, त्या आवाजात मला थोरला खोकताना ऐकू आला. धाकट्यालाही आला असणार, कारण त्याचा हात हवेतच राहिला. थोडं वर ठोकलं, पुन्हा तोच खोकला. कोपऱ्यापासून डोक्याच्या उंचीपर्यंत सगळी भिंत खोकत होती.

कशी आहे भिंत, म्हणून मालकिणीनं दारातून विचारलं.

"घट्ट आहे," धाकटा म्हणाला. "बाकीच्या तीन ओलीनं गेल्यात, त्या फोडू. ही राहू दे, हिच्यावर अशाच टाइल बसवतो."

ती बिचारी विश्वासानं निघून गेली. माझ्या लोखंडाचं पाणी पाणी झालं. असल्या गिलाव्यावर टाइलचं ओझं पडलं की एक दिवस तो अख्खा खाली येतो. पण हातोडीचं ऐकतंय कोण!

तीन भिंती फोडून झाल्या. ढिगाऱ्यातून वाट काढत मालकिणीची म्हातारी आई आली. तिनं आपलं स्टूल नेमकं त्या चौथ्या भिंतीशी ठेवलं आणि पाठ टेकून बसली. इथे टेकलं की आंघोळ करताना चक्कर येत नाही, म्हणाली, तेवढी माझी जागा हलवू नका. मग तिनं डोकंही मागे टेकवलं. सगळ्यात मोठा 'डब्' तिथेच आला होता.

"टाइल गार लागेल का रे पाठीला?"

धाकटा तिच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिला. त्याच्या मुठीत मी घामानं ओली झाले. शेवटी त्यानं आजीचा हात धरून तिला उठवलं आणि बाहेर नेऊन बसवलं. मालकिणीला बोलावून सांगितलं की ती भिंत पोकळ आहे, मघाशी मी खोटं बोललो. ती आईच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

धाकटा भिंतीपुढे आला.

"दादा," तो हळूच म्हणाला, "सरक आता."

आणि त्यानं माझा घाव घातला. दुसऱ्या घावाला गिलावा वरपासून खालपर्यंत एकदम सुटून आला. अंगठ्याचे किती तुकडे झाले, मला बघवलं नाही. धाकटा त्या ढिगाऱ्यातच बसून लहान मुलासारखा रडला.

मग त्यानं ओलीचं मूळ असलेला नळ बदलून घेतला. विटा घासल्या, धुतल्या, पोटभर पाणी पाजलं. सिमेंटचं पातळ पाणी मारून दोन थरांत गिलावा चढवला, पट्टी फिरवून सपाट केला, टाइल धरावी म्हणून वर खरखरीत रेघा ओढल्या. रोज येऊन पाणी मारलं. भिंत पुरती पक्की झाल्यावर त्यानं मला घेऊन ती ठोकून पाहिली. टक्, टक्, सगळीकडे टक्. तो भिंतीला कान लावून उभा राहिला. आत कोणीच नव्हतं. मला बरं वाटलं, आणि फार एकटंही वाटलं.

मित्रांनो, टाइल लावण्याआधी भिंत ठोकून बघा. आतून पोकळ लागली तर झाकू नका, मग ती कोणाच्याही हातची असो. आणि एखादा माणूस हातोडी घेऊन भिंतीपुढे नुसताच उभा दिसला, तर त्याला घाई करू नका.