जास्त ताकदीचा हिच

मित्रांनो, मी एक जुना हिच आहे. मोटारीमागे ओढायचं चाकांवरचं घर, म्हणजे कॅम्पर, जोडायचं लोखंडी साधन. कॅम्परचं नाक मोटारीच्या शेपटीवर टेकलं की शेपटी दबते आणि पुढची चाकं हलकी होतात. माझ्या दोन पोलादी दांड्या तो भार सगळ्या चाकांवर वाटून देतात. मला घडवलं ते भल्यामोठ्या, जड कॅम्परसाठी. दांड्यांवर तसं ठसठशीत कोरलंय. पण वाचतो कोण?

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात ऑर्विल हौगेनकडे मी बरीच वर्षं सुखाने राबलो. त्याचा कॅम्पर हत्तीसारखा होता. तो वारल्यावर त्याचा मित्र लोवेल टांगेन मला घेऊन गेला. लोवेलने जन्मभर शाळेची बस चालवलेली. गाड्यांतलं आपल्याला सगळं कळतं, अशी त्याची ठाम समजूत. आणि त्याचा कॅम्पर? कोंबडीच्या खुराड्याएवढा!

त्याची बायको व्हर्ना म्हणाली, "आधी कॅम्परच्या नाकावरचं वजन तरी करू. गव्हाच्या कोठारावर गाड्या तोलायचा काटा आहे."

"जास्त ताकदीचा असला तर बिघडतं कुठे?"

"तेरा नंबरचे बूट घालून तळ्यापर्यंत चालून दाखव, मग कळेल."

लोवेलने ऐकलं नाही. त्याने मला आपल्या एसयूव्हीला बसवलं, दांड्या ताणल्या, पुन्हा ताणल्या. मी करकरलो. ती तक्रार होती हो! त्याला वाटलं, मी जोर लावतोय.

तळ्याच्या वाटेवर खडीच्या ओल्या वळणावर व्हायचं तेच झालं. दांड्या एवढ्या ताठ की मागच्या चाकांवर भारच उरला नव्हता. एसयूव्हीची शेपटी सरकली आणि आम्ही सगळे सूर्यफुलांच्या शेताकडेच्या चरात. कुणाला खरचटलं नाही, पण व्हर्नाच्या मांडीवरची हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेला बटाट्याचा पदार्थ, समोरच्या काचेला चिकटली.

"मी काही बोलणार नाही," व्हर्ना म्हणाली, आणि गावात पोचेपर्यंत बोलत राहिली.

मला संताप आला तो रविवारी. चर्चबाहेर माझ्यासकट गाडी उभी होती. कॉफीचा कप हातात धरून लोवेल चारचौघांत सांगत होता, "ऑर्विलचा हिच खराब निघाला."

व्हर्नाने आपला कप गाडीच्या बॉनेटवर ठेवला. "हिचला नावं ठेवू नकोस. पुढच्या आठवड्यात आपली नात मागच्या सीटवर बसणार आहे, लोवेल."

दुसऱ्या दिवशी, कुणी न सांगता, लोवेल कॅम्पर घेऊन काट्यावर गेला. नाकावरचं वजन माझ्या दांड्यांवर कोरलेल्या आकड्याच्या निम्म्यानेही नव्हतं. काट्यावरचा माणूस काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "माझंच चुकलं," आणि नेमक्या वजनाचा, हलका हिच आणायला गेला. नात तळ्यावर जाऊन, नाक उन्हाने सोलून, सुखरूप परतली.

मी आता गॅरेजात पडून आहे. मला कुणी ऐट म्हणून न्यायला आलं की माझा जीव वरखाली होतो. मित्रांनो, मला तेल लावा, गंज खरवडा, झाकून ठेवा. पण तुमचा कॅम्पर हलका असेल तर माझ्याकडे बघून मान डोलवू नका. 'मला घेऊ नका' अशी विनवणी करणारी वस्तू तुम्ही पाहिली नसेल. आता पाहिलीत. जा, आधी वजन करून या.