टाचांवर उभं राहा

तनुजा शिकवायची त्या शाळेच्या पायऱ्यांवर ती एका वर्षात तीनदा पडली. तिसऱ्या वेळी मनगट मोडलं. मुख्याध्यापकांनी तिला तळमजल्यावरचा वर्ग दिला आणि हाडांच्या डॉक्टरांनी नसांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सोबत वडील रामकिसन गेले. पडेगावात उभा जन्म शेती केलेला, बासष्ट वर्षांचा माणूस. कोरड्या जमिनीवरही पाण्यातून चालल्यासारखे गुडघे उचलत ते आत शिरले.

डॉक्टरांनी आधी त्यांच्याकडेच पाहिलं. "काका, असं कधीपासून चालता?"

"चपलांमुळं. पायातून सुटत्यात. चाळीस वर्षांत एक धड जोड मिळाला नाय."

"चपला काढा बरं."

तळव्यांना उंच कमानी, बोटं आखडलेली, पोटऱ्या काडीसारख्या. डॉक्टरांनी बापलेकीला टाचांवर उभं राहायला सांगितलं. दोघांनाही जमलं नाही.

नसांची तपासणी झाली, रक्त तपासायला बाहेरगावी गेलं आणि महिन्यानं आजाराचं नाव आलं: शार्को-मारी-टूथ.

"दाताचं काय?" रामकिसननी विचारलं.

"दाताचं नाही. हा आजार शोधणाऱ्या तीन डॉक्टरांची नावं आहेत."

"त्यांना होता का?"

"नाही."

रामकिसनना हे फारसं पटलं नाही. पुढचं मात्र त्यांनी नीट ऐकलं. हातापायाच्या नसा हळूहळू कमजोर होत जातात. जिवाला सहसा धोका नाही, बरं करणारं औषधही नाही. व्यायाम करायचा, पायाला आधाराचे स्प्लिंट लावायचे. आईबापांपैकी एकाला असला तर प्रत्येक लेकराला होण्याची शक्यता निम्मी.

परतताना रिक्षा पडेगावच्या जवळ आली.

"माझ्याकडून आलं तुला," रामकिसन म्हणाले.

"हो, अण्णा."

"आधी कळलं असतं तर लग्नच केलं नसतं."

"मग मी झालेच नसते."

त्यांनी यावर बराच विचार केला. "व्हय," ते म्हणाले, "ते बी हायेच."

पुढच्या महिन्यात त्यांचे चुलतभाऊ कडुबा यांच्या नातवाचं जावळ होतं. भावकी जेवून बसली होती. रामकिसन उठले आणि म्हणाले, "सगळ्यांनी जरा टाचांवर उभं राहा."

लोकांना वाटलं खेळ आहे. हसत हसत सगळे उठले. पाच जणांना जमलं नाही. त्यात कडुबांची धाकटी, बावीस वर्षांची रूपा होती. मग रामकिसननी आजाराचं नाव सांगितलं आणि तो आपल्या रक्तात आहे हेही सांगितलं. हसणं थांबलं.

"तुला जेवायला बोलावलं होतं," कडुबा म्हणाले.

"जेवलो की."

"माझ्या पोरीला बघायला येणारेत रविवारी."

"म्हणून तर आज सांगितलं."

कडुबांनी त्यांना दार दाखवलं. तीन महिने दोन्ही घरांचं येणं-जाणं बंद होतं. रामकिसन एवढंच म्हणायचे, "मला कुणी सांगितलं नव्हतं." तनुजाला त्यांचा राग आला होता. पण राग नेमका कशाचा, हे तिला सांगता येईना.

मग रूपाचा फोन आला. "ताई, हातातून भांडी सुटतात. बाबा म्हणतात मी वेंधळी आहे."

"ये. आपण दाखवू."

ठरल्या दिवशी तनुजा रामकिसनना घेऊन दवाखान्यात आली. रूपाच्या मागून कडुबाही आले आणि रामकिसनशेजारी बाकावर बसले. दोघं समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. रूपाचं नाव पुकारल्यावर कडुबा उठले. "चल," ते रामकिसनना म्हणाले. "डॉक्टरला काय विचारायचं असतं, मला माहीत नाय."

रूपालाही तोच आजार निघाला. तिला बघून पसंत केलेल्या स्थळाला कडुबांनी स्वतः कळवलं आणि स्थळ फिरलं. दहा दिवस रूपा कुणाशी बोलली नाही. अकराव्या दिवशी तिनं तनुजाला स्प्लिंट कुठं बनवतात ते विचारलं.

रविवारी दोघी माप द्यायला गेल्या. जिना चढायला त्यांना जरा वेळ लागला.