रेषेवरचा डबा

मी एक डबा बोलतोय. तेलाचा, पत्र्याचा, चौकोनी. आतून पोकळ आहे हे आधीच कबूल करतो, म्हणजे मागाहून कुणी तसं म्हणायला नको. पण पोकळ असूनही दुबईतल्या अल कुसैसच्या मैदानावर मी दहा वर्षं दर शुक्रवारी खरं बोललो. एकदाच खोटं बोललो, आणि त्या एका वेळेत एक अख्खी टीम बुडाली.

शारजातल्या कुठल्याशा कारखान्यात मला ठोकून-डकवून उभं केलं. माझ्या एका बाजूला अरबी अक्षरं होती, दुसऱ्या बाजूला सूर्यफूल. आता फुलाच्या दोन पाकळ्या उरल्यात. तेल भरून मी अल कुसैसच्या एका कोकणी खानावळीत आलो. तिथे साठ माणसांचे मासे तळता तळता तीन आठवड्यांत रिकामा झालो. रिकाम्या डब्याच्या नशिबी साधारणपणे भंगार असतं. माझ्या नशिबी बदरुद्दीनचाचा आले.

चाचा टाइल्सच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचे. गाव रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. गावच्या आणि आसपासच्या पोरांनी इथे क्रिकेटची टीम काढली होती, तिचं नाव 'खाडी इलेव्हन'. चाचांनी आयुष्यात बॅट धरली नव्हती. पण टीम बघायला ते इतके आतुर असायचे, की गुरुवारी संध्याकाळीच शर्टाला इस्त्री करून ठेवायचे. त्र्याण्णव साली त्यांनी मला काखोटीला मारलं आणि मोडक्या स्टंपच्या दोन तुकड्यांनी असं बडवलं की माझा तळ आत गेला. तो अजून तसाच आहे.

मैदान म्हणजे नुसती वाळू. पहाटे चुन्याची रेघ मारायची आणि आठ वाजेपर्यंत वारा ती पुसून टाकायचा. लांबच्या बाजूला चेंडू रेषेपार गेला की अलीकडे थांबला, हे अंपायरला दिसायचंच नाही. दर चौक्याला भांडण. शेवटी सगळ्या टीमच्या कॅप्टनांनी मिळून एक तोड काढली. त्या बाजूला बदरुद्दीनचाचा बसतात ना, मग त्यांनीच सांगावं. चेंडू पार गेला तर डबा सलग बडवायचा, नाही गेला तर हात लावायचा नाही. डबा वाजला म्हणजे चौका; मग अंपायरचंही काही चालायचं नाही. माझा आवाज असा कायदा झाला.

आणि चाचांनी तो पाळला. आपल्या टीमचा चेंडू वीतभर अलीकडे थांबला की ते ओठ चावून गप्प बसायचे. समोरच्यांचा चौका गेला की मला बडवायचे. जीव जात असायचा, पण बडवायचे.

पहिली तीन-चार वर्षं मजेत गेली. एकदा तर आम्ही सेमीफायनलला पोचलो. मग टीमला कीड लागली. मी डबा असूनही ती मला दिसत होती, माणसांना दिसत नव्हती. कॅप्टन जमाल अकरा जण निवडायचा ते खेळ बघून नाही, मोहल्ला बघून. खालच्या मोहल्ल्याचे सहा, वरच्या मोहल्ल्याचे चार, आणि शेजारच्या वाडीतला गणू कायमचा विकेटकीपर, कारण वाकून उभं राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. गावापासून इतक्या दूर येऊन, एका खोलीत आठ-आठ जण राहून, ही माणसं मोहल्ला मात्र बॅगेत घालून घेऊन आली होती! सराव कुणी करायचं नाही. मॅच सहाला असेल तर आठ जण यायचे; उरलेले अरबी थाटात "यल्ला, चला, पोचलोच" म्हणत साडेसहाला. हरल्यावर मात्र सगळे हजर. पिच वाईट, वारा उलटा, अंपायर त्यांचा. जिंकलेली टीम पाच मिनिटांत घरी जाते, हरलेली टीम तासभर बोलत बसते, हे मी फार बघितलं.

चाचा रेषेवरून ओरडायचे, "हातात बॅट हाय का वल्हं रे? होडी चालवतोस काय!"

"चाचा, तुमी या खेळायला," तिकडून उत्तर यायचं.

"मी येईन, पण मग तुजा पाणी कोण आणील?"

हसायचे सगळे. पण दोन हजार सालानंतर चाचांच्या ओरडण्यातली गंमत गेली. ते नुसते दमले होते. हरून परतताना मी त्यांच्या काखेत असायचो, आणि ते माझ्याशी नाही, रस्त्याशी बोलायचे, "खलास. पुढच्या शुक्रवारी नाय यायचा." आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा इस्त्री.

दोन हजार दोन साली आठ टीममध्ये आम्ही तळाला होतो. तळाची टीम पुढच्या वर्षी बाद, असा नियम आला होता, कारण नावं छापलेले शर्ट घातलेल्या ऑफिसांच्या टीम बाहेर रांगेत उभ्या होत्या. शेवटची मॅच एका वर्कशॉपच्या टीमशी. जिंकलो तर राहणार, हरलो तर 'खाडी इलेव्हन' संपली. चाचांना दुसरं काय होतं? आठवडाभर गोदाम, रात्री खोली, आणि हा एक शुक्रवार.

त्यांच्या एकशे एकवीस झाल्या. आमच्या चौदा ओव्हरमध्ये दोन बाद अठ्ठ्याण्णव. छत्तीस चेंडूंत चोवीस हव्या होत्या. एवढं तर मीसुद्धा केलं असतं.

मग जमालला हुक्की आली. डोळे मिटून फिरवली, बोल्ड. आता यायला हवा होता अबुजर, चाचांचा भाचा. इथेच जन्मलेला, इथेच शाळा शिकलेला, टीममधला एकटा सराव करणारा. पण घर वरच्या मोहल्ल्याचं. जमालनं आपल्या चुलतभावाला पाठवलं. तो पहिल्याच चेंडूवर समोरच्याला न विचारता पळाला आणि रनआउट झाला. मग एक जण कॅच देऊन आला. पुढचा त्याच्याकडे बघून हसला आणि तसाच कॅच देऊन आला. चाचा ओरडले नाहीत. नुसते मला गुडघ्यांत धरून बसले.

शेवटचा चेंडू उरला तेव्हा नऊ बाद एकशे अठरा. चार हव्या. समोर अबुजर, पलीकडे गणू.

अबुजरनं मारला तो थेट आमच्याच बाजूला. टेप लावलेला चेंडू वाळूवरून टप्पे खात आला. मागे एक फील्डर धावत होता, पण खूप मागे. चेंडू आला, आला, आणि चाचांचे हात उठले.

मी वाजलो. सलग, जोरात, दहा वर्षांत वाजलो नव्हतो तसा.

आणि चेंडू मऊ वाळूत रुतून रेषेच्या हातभर अलीकडे थांबला.

तिकडे अबुजर आणि गणूच्या दोन धावा झाल्या होत्या, तिसरी चालू होती. माझा आवाज ऐकताच दोघं पिचच्या मधोमध थांबले आणि एकमेकांच्या गळ्यात पडले. जमाल टोपी उडवत धावत आत आला. फील्डरनं मात्र सवयीनं चेंडू उचलून फेकला आणि त्यांच्या कीपरनं स्टंप पाडले.

अंपायर लांबून चालत आला. "चाचा, डब्बा बजा. चौका ना?"

समोरचा कॅप्टन मान खाली घालून उभा होता. नियम त्यानंही कबूल केलेला होता. चाचांनी गप्प राहायचं होतं, बस. एवढंच काम. गप्प राहिले असते तर टीम राहिली असती.

चाचा उठले. मला खाली वाळूत ठेवलं.

"नहीं गया, भाई. मैंने पहले बजा दिया. हात चल गया मेरा."

दोनच धावा धरल्या आणि रनआउट. एका धावेनं हरलो. मी वाजलो नसतो तर ते दोघं पळतच राहिले असते. फील्डर लांब होता, चारही झाल्या असत्या. हे मैदानावर सगळ्यांना एकदमच कळलं, आणि सगळ्यांनी एकदमच माझ्याकडे बघितलं.

"कोणी विचारलान तुमाला?" जमाल किंचाळला. "गप बसायला काय झाला होता?"

"अंपायरनं विचारलान," चाचा म्हणाले.

अबुजर ग्लोव्ह काढत आला. तो आरडाओरडा करत नाही, म्हणून त्याचं बोलणं जास्त लागतं. "वी स्टॉप्ड बिकॉज ऑफ यू, मामू," एवढंच म्हणाला आणि गेला.

गणू शेवटी आला. चाचांच्या शेजारी वाळूत बसला. "चाचा, मलापण वाटला गेलाच."

"तुला वाटला तर चालतंय गणू. मला नाय चालत."

टीम मोडली. जमाल अबूधाबीला गेला, गणू कतारला. अबुजर ऑफिसच्या टीममधून खेळू लागला, पाठीवर नाव छापलेल्या शर्टात. चाचांनी मला खाटेखाली सरकवलं. मला वाटलं, सुटलो.

सहा महिन्यांनी नवा सीझन आला आणि त्या वर्कशॉपचा कॅप्टन खोलीवर आला. म्हणाला, "चाचा, आपका डब्बा चाहिए. सब टीम बोलती है, लाइन पे आप ही बैठो."

तर आता दोन हजार तीन आहे, आणि मी पुन्हा रेषेवर आहे. चाचा इतरांच्या मॅचला बसतात. कुणाचाही चौका गेला की सारख्याच जोरात, मोजून बडवतात. चेंडू पार जाऊन थांबेपर्यंत हात उचलत नाहीत. शर्टाला इस्त्री नसते. वल्ह्याचा टोमणा कुणाला मारायचा? मैदानावर आता कुणी त्यांचं नाही, आणि माणूस परक्याला शिव्या देत नाही.

जमाल, अबुजर, गणू, जिथे असाल तिथे ऐका. मी काही तुमच्यावर खूश नव्हतो. तुमच्यासारखी आळशी, भांडकुदळ, मोहल्लेवाली टीम या वाळूत दुसरी झाली नसेल. तरी सांगतो, एका शुक्रवारी या. अकरा जण गोळा करा, कुठल्याही मोहल्ल्याचे. जिंकायचं तुम्हाला जमणार नाही, ते मी धरूनच चाललोय. हरायला तरी या. या माणसाला ओरडायला कुणीतरी हवंय.