फळ्यावरची ‘बरी’

शब्द मोजूनमापून वापरावेत असे सगळेच म्हणतात. पण तसे ते वापरण्याची पगारी नोकरी त्या किनाऱ्यावरच्या गावात एकाच गृहस्थाकडे होती. बाजारचौकात टपाल कचेरीच्या भिंतीवर एक उंच फळा होता. त्याच्या वरच्या खिळ्याला ‘हवा’ ही पत्र्याची पाटी कायमची टांगलेली असे आणि खालच्या खिळ्याला पाच पाट्यांपैकी एक : उत्तम, चांगली, बरी, वाईट, अतिवाईट. चौकातले यंत्र हवेतल्या धूरधुळीचे आकडे देत असे. परंतु आकडे वाचून लोक घाबरतात असा अनुभव आल्यामुळे नगरपालिकेने ते प्रसिद्ध करण्यास मनाई केली होती. आकड्याचा शब्द करायचा आणि शिडी चढून तो टांगायचा, हे काम हवामापकांचे. ज्या माणसाने जन्मात कधी हवेत बाता मारल्या नाहीत, त्याला गाव ‘हवेतले साहेब’ म्हणे.

पावसाळा सरून कोरडे महिने लागले की गावाची हवा साचून राही. रात्रीचा वारा जमिनीकडून वीटभट्ट्यांचा धूर आणि जाळलेल्या रानांची राख आणून टाकी, आणि दुपारी समुद्रावरून येणारा वारा ती परत न्यायला येतच नसे. समुद्र समोर असूनही त्याचा केवळ आवाज ऐकू येई. अशा दिवसांत फळ्यावर ‘बरी’ लागे, आणि एकदा लागली की ती आठवडेच्या आठवडे हलत नसे.

यंदा या ‘बरी’वर एक लग्न अडले होते.

मापकांची मुलगी बर्फाच्या कारखान्यात यंत्रे सांभाळत असे. कामानिमित्त एका शिबिरात तिची आणि डोंगरगावच्या एका औषधविक्रेत्याची ओळख झाली. दोघांनी आपसांत ठरवून टाकले. मुलाच्या वडिलांनी येऊन होकार देणे तेवढे उरले. हे गृहस्थ आपली फुप्फुसे तळहाताच्या फोडाप्रमाणे जपत. फळ्यावर ‘चांगली’ लागल्याखेरीज गावात पाऊल ठेवणार नाही असे त्यांनी कळवले होते, आणि रोज सकाळी त्यांचा फोन येई.

“काय, आज तरी?”

“बरी,” मापक सांगत.

“बरी म्हणजे नेमकी कशी?”

“चांगलीच्या खाली, वाईटच्या वर.”

“ते कळलं हो. पण आमच्याकडे माणसाला बरं वाटतंय म्हणतात, तेव्हा तो अंथरुणात असतो.”

“होता, आता उठून बसला, असा त्याचा अर्थ.”

“म्हणजे तुमची हवा अंथरुणात होती, हे तुम्हाला मान्य आहे.”

मापक यावर सविस्तर उत्तर देऊ लागत, तोवर पलीकडे फोन ठेवलेला असे.

“एक पाटी काढून दुसरी लावायची, तर तुमच्या हाताला काय कळा येतात?” बायको म्हणे.

“हाताला नाही, अर्थाला.”

“अर्थाला म्हणे. अहो, लग्न मुलीचं आहे, शब्दकोशाचं नाही.”

“राहू दे गं आई,” मुलगी म्हणे. “मी परीक्षेत पहिली आले तेव्हासुद्धा बाबा ‘बरं झालं’ म्हणाले होते.”

हे प्रकरण नगराध्यक्षबाईंच्या कानांवर गेले, आणि त्यांनी तो गावच्या अब्रूचा प्रश्न केला. तळण बंद झाले. धूळ उडते म्हणून झाडलोटही बंद झाली; कचऱ्याला आहे तिथेच शांत पडू द्यावे असा आदेश निघाला. बेकरीवाल्याने भट्टी नावेत ठेवून पाव समुद्रात भाजावेत, आणि ज्यांना खोकायचे असेल त्यांनी वेशीबाहेर तोंड करून खोकावे असेही ठरले. ‘बरी’ जागची ढळली नाही. अखेर मुलीनेच कारखान्यातला प्रचंड पंखा चौकात आणून यंत्रासमोर सुरू केला. यंत्राने तत्काळ ‘उत्तम’चा आकडा दाखवला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मापकांनी जाऊन पंखा बंद केला.

“ही हवा पंख्याची आहे, गावाची नाही.”

“पंखा गावाचाच आहे ना?” बाई म्हणाल्या.

“पंखा गावाचा आणि हवा पंख्याची, एवढ्यावरून हवा गावाची ठरत नाही.”

मुलगी पंख्याची वायर गुंडाळत होती. मान वर न करता तिने विचारले, “बाबा, तो तिकडे किती थांबेल असं वाटतं तुम्हाला?”

या प्रश्नाला लागू पडेल असा शब्द त्या पाचांत नव्हता.

मुलगा थांबला, पण त्याने घरात बोलणे टाकले. तेव्हा वडिलांना निघावेच लागले. एका सकाळी त्यांची गाडी चौकात आली. काचा वर, दारांच्या फटींना चिकटपट्ट्या, चालवायला मुलगा. नेमकी त्याच सकाळी ‘हवा’ची पाटी खाऱ्या हवेने गंजली म्हणून रंगाऱ्याकडे गेली होती. फळ्याखाली मुलगी उभी होती आणि तिच्या डोक्यावर एकच शब्द होता : ‘बरी’.

गृहस्थांनी पाटी वाचली, मुलीकडे पाहिले, पुन्हा पाटी वाचली. काच दोन बोटे खाली आली.

“ही पाटी कोणी लावली?”

“मी,” मापक म्हणाले.

“पोटच्या मुलीवर?”

मापकांना घोटाळा उमगेपर्यंत काच वर गेली होती. आतला चेहरा मात्र उजळत चालला होता. त्या गृहस्थांनी आजवर पुष्कळ मुलींचे बाप ऐकले होते, आणि प्रत्येकाची मुलगी लाखात एक होती. काच पुन्हा उतरली.

“भर चौकात, पत्र्यावर रंगवून ‘बरी’ म्हणणारा बाप मी आज पाहिला. मुलगी पसंत आहे.”

बायकोने नवऱ्याचे मनगट धरले. “एक अक्षर बोलाल तर याद राखा.”

“तो शब्द हवेचा आहे,” मापक बोललेच.

“याला विनय म्हणतात,” काचेआडून उत्तर आले. “तोही पसंत आहे.”

आणि त्याच वेळी समुद्रावरून वारा सुटला. छपरांवरची राख उडाली, नावा दिसू लागल्या, नावेतला बेकरीवालाही दिसू लागला. यंत्राचा आकडा घसरला आणि घसरलेलाच राहिला. नियमाप्रमाणे दुपारपर्यंत थांबून, तो टिकतो याची खात्री करून मापकांनी ‘चांगली’ची पाटी काखेत मारली आणि शिडी लावली. बायको शिडीसमोर आडवी उभी राहिली.

“इतके दिवस लावा लावा म्हणत होते तेव्हा लावली नाहीत. आज नको.”

“हवा चांगली झाली आहे.”

“झाली तर झाली. लोकांना नाकं आहेत.”

“चढा बाबा,” मुलगी म्हणाली. “मी शिडी धरते.”

“काय होईल ते समजतंय ना तुला?”

“समजतंय. पण उद्या संसारात हवा पालटली, तर रोज पाटी कोण झाकून ठेवणार? चढा.”

पाटी बदलताना पाहून गाडीतून काचेवर टकटक झाली. “अर्ध्या दिवसात मुलगी सुधारली? म्हणजे तुम्हीही शेवटी चारचौघांसारखेच बाप. गाडी काढ रे.”

मुलाने गाडी काढली नाही. दार उघडले, चिकटपट्टी चरचरत सुटली. उतरून त्याने शिडीची दुसरी बाजू धरली.

“आत ये, दार लाव,” वडील म्हणाले.

“ती कशी आहे हे मला फळ्यावर वाचायचं नाहीये, बाबा. तुम्हाला भांडायचं असेल तर बाहेर या.”

भांडायला पुरता श्वास लागतो, आणि गाडीत आता त्यांनीच सकाळपासून वापरलेली हवा तेवढी शिल्लक होती. गृहस्थ उतरले. नाकाशी रुमाल होता, पण एका हाताने हातवारे साधेनात म्हणून तो खिशात गेला.

“‘चांगली’ची व्याख्या सांगा,” ते मापकांना म्हणाले.

इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मापक सावकाश खाली उतरले आणि दोघे टपाल कचेरीच्या पायरीवर बसले. बायकोने चहा आणला, तो निवला. तिने दुसरा आणला. दिवे लागले तेव्हा ते ‘उत्तम’पाशी पोचले होते.

“ठीक,” गृहस्थ अखेर म्हणाले. “लग्न होऊ द्या. पण पत्रिकेचा मजकूर आधी मी तपासणार.”

“माझ्यानंतर,” मापक म्हणाले.