खोबरेल चोळलेला पट्टा

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे आणि माझा स्वभाव चांगला नाही. माझ्या पोटात आम्ल आहे, मनात राग आहे, आणि तो राग विश्वासरावांवर आहे.

बंगळूरच्या बसवनगुडीत विश्वासरावांची भाड्यानं जाणारी अँबॅसडर होती. नव्वदीच्या त्या वर्षांत लग्नाची वऱ्हाडं, तिरुपतीचे यात्रेकरू, सगळे त्याच गाडीतून जात. थंडीतल्या पहाटेही मी एका झटक्यात इंजिन जागं करायचे. मालक बॉनेटवर थाप मारून म्हणत, "शाणी आहे हो माझी." आणि मी हुरळून जायचे.

मग दसऱ्याची आयुधपूजा आली. विश्वासरावांनी गाडी धुतली, हार घातला, लिंबं बांधली. एवढ्यावर भागेना, म्हणून बॉनेट उघडून पंख्याचा रबरी पट्टाही खोबरेल तेलानं चोळून चकचकीत केला. त्या पट्ट्यावर डायनॅमो फिरतो, आणि डायनॅमो फिरला तरच माझं पोट भरतं. तेलकट पट्टा घसरू लागला. मी उपाशी राहिले. एका सकाळी त्यांनी किल्ली फिरवली, तेव्हा मी नुसती कण्हले.

"मेली ही," ते म्हणाले. मला काढून परसात टाकलं आणि वर एक लाथही मारली. आता भंगारवाला येणार होता. भंगारात आम्हांला हातोड्यानं फोडून आतलं शिसं काढतात. माझ्या जागी नवी बॅटरी आली, आणि काही दिवसांत तीही निपचित पडली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

तेव्हा विश्वासरावांचे थोरले भाऊ नागोजी येलहंक्याहून आले. हवाई दलाच्या गाड्यांची वीज सांभाळण्यात त्यांची नोकरी सरली होती. जिभेचे मोठे तिखट. लागोपाठ दोन बॅटऱ्या मेल्या हे त्यांना पटेना. त्यांनी मला परसातून उचललं, झाकणं उघडली आणि चार्जरला जोडलं. चार्ज होताना माझ्यातून वायू निघतो. ठिणगी पडली की तो भडकतो.

विश्वासराव आले. आतलं पाणी दिसेना, म्हणून त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. वाका, मी मनात म्हटलं. अजून थोडे वाका.

नागोजींनी त्यांचं मनगट धरलं. "डोळे जड झाले काय रे तुला? टॉर्च आण."

"स्वल्प बघत होतो, अण्णा."

"त्या स्वल्पातच आंधळा झाला असतास."

मी चार्ज झाल्यावर नागोजींनी अंगठी काढून ठेवली, चष्मा चढवला आणि नव्या बॅटरीच्या जागी मला गाडीत बसवून मीटर लावला. इंजिन बंद असताना काटा साडेबारा व्होल्टवर होता. इंजिन चालू करून जोर दिला, तरी तो तिथंच. चौदाच्या आसपास जायला हवा होता.

"बॅटरी सरी आहे, चांगली आहे. तिला खायलाच मिळत नाही." त्यांनी इंजिन बंद केलं, पट्ट्यावर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. "विश्वास, पट्ट्याला तेल कुणी लावलं?"

"पूजेला चमकायला नको काय?" विश्वासराव पुटपुटले.

पट्टा नवा आला. विश्वासरावांनी माझ्यावर हात ठेवून म्हटलं, "चुकलं हो." मी ऐकून घेतलं.

मित्रांनो, गाडी अडली की आधी नीट तपासा, मग दोष द्या. बॅटरीपाशी आग नेऊ नका. विश्वासराव आता टॉर्चच आणतात. काडेपेटी मात्र अजून त्यांच्या खिशात असते, आणि माझी नजर तिच्यावर असते.