काळ्या भिंतीपुढचा सोबती

जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली की कारखान्यातले लोक डबे उघडायचे. महिनाभरापासून ते आधी पहारेकऱ्याच्या खोलीकडे धावत होते. मी गेले त्या दिवशी खिडकीला चाळीसेक माणसं चिकटली होती. मागचे पुढच्यांच्या खांद्यावर हनुवट्या टेकून उभे होते आणि सगळ्यांचे डोळे आतल्या एका चौदा इंची टीव्हीवर खिळले होते. टीव्ही काळा-पांढरा, काठांना खरचटलेला.

पडद्यावर काचेच्या बाटल्या तपासायची लांबलचक खोली दिसत होती. टोकाला काळी भिंत. काळ्या पार्श्वभूमीवर काचेतली चीर चटकन कळते, म्हणून तपासणीची जागा तशीच रंगवतात. भिंतीपुढे पांढऱ्या कोटातली एक बाई बाटली दिव्यासमोर धरून फिरवत होती. कॅमेरा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे ती पडद्यावर जेमतेम बोटाएवढी दिसायची. तिच्या उजव्या अंगाला, हातभर अंतरावर, आणखी कुणीतरी उभं होतं. फिकट, धुरकट, पांढऱ्याच कोटातलं. तेही बाटली फिरवत होतं.

"दादा आलेत," माझ्या पुढची बाई कुजबुजली आणि तिने डोळे मिटून घेतले.

मी कॅमेरे दुरुस्त करते. त्याआधी अठरा वर्षं तंत्रशाळेत शिकवत होते, म्हणून लोक मला मास्तरीणबाई म्हणतात. समजावून सांगायची खोड काही गेलेली नाही, आणि न विचारता डोळे मिटणाऱ्या माणसांचा मला राग येतो, हेही आधीच कबूल करते.

दादा म्हणजे त्या तपासनीस बाईंचे यजमान. नवरा-बायको दोघंही तपासनीस. काळ्या भिंतीपुढे अकरा वर्षं शेजारी शेजारी उभे राहिले. तीन महिन्यांपूर्वी दादा कामावरून घरी गेले, खुर्चीत बसले आणि तिथेच गेले. हृदयविकार. वहिनी पंधरा दिवसांनी कामावर परतल्या आणि एकट्याच उभ्या राहू लागल्या. घरात नववीतली मुलगी, दुसरा आधार नाही.

त्यानंतर दीड महिन्याने पडद्यावर तो सोबती दिसू लागला. आणि याच सुमारास मालकांच्या आईकडे, म्हणजे मोठ्या बाईंकडे, एक पाहुणे मुक्कामाला आले होते. स्वतःला ते द्रष्टे म्हणवत. जटा नाहीत, भस्म नाही. कडक इस्त्रीचा सदरा, सोनेरी काड्यांचा चष्मा. बोलताना 'लहरी' आणि 'ऊर्जा' हे शब्द मिठासारखे सगळ्यात टाकायचे. संध्याकाळी ते आवारात येत आणि एकेकाकडे बोट दाखवत. तू सकाळी पेट्यांच्या आड डुलकी काढलीस. तुझ्या हातून बारा बाटल्यांचा खण फुटला आणि तुकडे तू बाकाखाली ढकललेस. सगळं अगदी खरं निघायचं. घरात बसून आंधळ्या भिंतीपलीकडचं दिसणारा माणूस! मग तो सांगेल ती पूर्व दिशा.

त्यांनी सांगितलं ते असं: दादा बायकोला न्यायला आलेत. ती जात नाही म्हणून ते तिच्या शेजारी येणाऱ्या कुणालाही नेतील. येत्या शनिवारच्या आत बाईने कारखाना सोडावा, नाहीतर भिंतीपुढे आणखी एक जण आडवा होईल.

झालं. दुसऱ्या दिवसापासून पेट्या हातात देणारे हात आखडले. माणसं दहा पावलांवर पेटी टेकवून मागे फिरत आणि वहिनी ती ओढत नेत. पाणी प्यायला त्या गेल्या की नळ मोकळा व्हायचा. आणि मॅनेजरने राजीनाम्याचा कागद तयार ठेवला होता, सहीची जागा तेवढी कोरी. त्याच मॅनेजरने मला बोलावलं होतं. जुना कॅमेरा काढून सगळीकडे नेटवर्क कॅमेरे बसवायला किती दिवस लागतील, असं त्याने विचारलं.

"नव्या कॅमेऱ्यात तो दिसणार नाही ना?" त्याने आवाज खाली आणला.

दिसणार नाही, मी म्हटलं. फाटकावर एक नेटवर्क कॅमेरा आधीच होता आणि त्याच्यात वहिनी रोज सकाळ-संध्याकाळ एकट्याच दिसत. हे लोकांच्याही लक्षात आलं होतं, पण त्यावर द्रष्ट्यांकडे उत्तर होतं. त्या संध्याकाळी मी मुद्दाम त्यांना विचारलं.

ते माझ्याकडे बघून दयाळूपणे हसले. "बाई, नवा कॅमेरा माणसाचे आकडे करतो. आत्म्याचे आकडे होत नाहीत. जुन्या तारेतून साक्षात प्रकाशाची लहर वाहते. त्या लहरीवर आत्मा स्वार होतो. विज्ञानच आहे हे."

आजूबाजूला माना डोलल्या. गंमत म्हणजे त्यांच्या बोलण्यातलं अर्धं खरं होतं, आणि खोट्याला अर्ध्या खऱ्याचा टेकू मिळाला की ते फार दिवस उभं राहतं. नवे कॅमेरे बसवून पैसे घेऊन मी घरी जाऊ शकले असते. पण मग भूत नव्या यंत्राला घाबरून पळालं असं ठरलं असतं, आणि कॅमेरे बसेपर्यंत वहिनींची सहीही झाली असती. शनिवारला तीनच दिवस उरले होते.

मी पहारेकऱ्याला विचारलं, द्रष्टे भट्टीकडचं कधी काही सांगतात का? तो डोकं खाजवू लागला. भट्टीवाल्यांच्या डुलक्या तर कारखान्यात प्रसिद्ध होत्या, पण त्यांच्याकडे द्रष्ट्यांनी कधी बोट दाखवलं नव्हतं. गोदामाकडेही नाही. जे काही कळायचं ते तपासणीच्या खोलीतलंच.

"भट्टीकडे, गोदामात कॅमेरा नाही," तो सहज म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून माझ्याकडे बघतच राहिला.

मग मी तार धरून चालू लागले. कॅमेऱ्यापासून छताला लागून, भिंतीतून, पहारेकऱ्याच्या खोलीच्या मागच्या बाजूला. तिथे एका पत्र्याच्या डबीत तारेला मधेच जोड मारलेला सापडला. एक तार आत टीव्हीकडे आणि त्या टीव्हीच्या कॅसेट रेकॉर्डरकडे. दुसरी, नवी कोरी, कुंपणाच्या कडेने थेट मालकांच्या बंगल्याकडे. तीनशे मीटर तरी असेल. मॅनेजरला विचारल्यावर तो चाचरला. मोठ्या बाईंचे गुडघे दुखतात, त्यांना बसल्या जागी काम बघायचं होतं, म्हणून महिन्यापूर्वी ओढून दिली. कुणाला सांगू नका अशी ताकीद होती. टीव्ही बंगल्यातल्या कुठल्या खोलीत आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची छाती नव्हती.

मला सगळं कळलं होतं. पण पाळी सुटल्यावर मी पहारेकऱ्याच्या खोलीत गेले तर वहिनी तिथे बसल्या होत्या. समोर दिवसभराची कॅसेट चालू होती. पहारेकरी बाहेर पाठ करून उभा होता. रोज दहा मिनिटं तो त्यांना बसू द्यायचा.

मी त्यांना तार दाखवली, जोड सांगितला. हे त्यांना लोकांसमोर कळू नये एवढी तरी अक्कल मला होती. त्यांनी ऐकून घेतलं, नजर पडद्यावरून न काढता.

"काढायलाच हवा का जोड?" त्यांनी विचारलं.

"शनिवारी तुमची नोकरी जाईल, वहिनी."

"ते माहीत आहे मला."

समोरची बाई दहा मिनिटांच्या धुरकट पांढऱ्या डागासाठी स्वतःच्याच पोटावर पाय द्यायला तयार होती, आणि तो डाग पुसायला मी आले होते. मला स्वतःचाच राग आला. त्यांनी कॅसेट थांबवली. "मुलीलाही शाळेत विचारायला लागलेत, तुझे बाबा कारखान्यात असतात का म्हणून," त्या म्हणाल्या. "करा तुम्ही काय करायचं ते. मी उद्या भिंतीपाशी नसेन."

दुसऱ्या दिवशी सुट्टीत खिडकीला तीच गर्दी. मी मॅनेजरला वहिनींचा जास्तीचा पांढरा कोट दिला आणि काळ्या भिंतीपुढे उभं राहायला सांगितलं. तो का कू करू लागला. तुम्ही कागद तयार करू शकता तर कोटही घालू शकता, असं मी सुनावलं तेव्हा गेला.

पडद्यावर मॅनेजर उभा राहिला. त्याच्या उजव्या अंगाला दुसरा मॅनेजर. फिकट, धुरकट, ढेरीसकट.

कुणी हसलं नाही. मी तपासणीच्या खोलीत फोन करून त्याला हात वर करायला सांगितलं. दोघांनी एकाच क्षणी हात वर केला. नाक खाजवायला सांगितलं, दोघांनी खाजवलं. कोट काढायला लावला, त्याच्या आतल्या गडद निळ्या सदऱ्यात सोबती दिसेनासा झाला. मग भट्टीवाल्यांपैकी एकाला कोट घालून पाठवलं. त्यालाही जोडीदार मिळाला.

"याचा कोण मेलाय?" मी विचारलं. "आई-वडील दोघं धडधाकट आहेत त्याचे."

मग मी सांगितलं, शक्य तितकं सोपं. जुना कॅमेरा चित्राची लाट करून तारेत सोडतो. टीव्ही ती लाट जशी येईल तशी, डावीकडून उजवीकडे, रेघ रेघ ओढत मांडतो. तारेला मधेच फाटा फोडला की थोडी लाट फाट्यात शिरते, लांबच्या टोकाला आपटते आणि परत येते. तिला उशीर होतो, क्षणाच्या लाखाव्या भागाइतकाच, पण तेवढ्यात टीव्हीची रेघ पुढे सरकलेली असते. म्हणून तेच चित्र पुन्हा, जरा उजवीकडे, फिकं उमटतं. सगळ्याच वस्तूंचं उमटतं. पण काळ्यावर पांढरं असेल तरच डोळ्यांना दिसतं, आणि इथे काळ्या भिंतीपुढे पांढरा कोट घालून रोज एकच बाई उभी असते.

"मग फाटकावर का नाही दिसत?" पेट्या वाहणाऱ्याने विचारलं. महिनाभरात तिथे कुणी विचारलेला तो पहिला खरा प्रश्न होता.

फाटकावरचा कॅमेरा चित्राचे आकडे स्वतःच करतो आणि क्रमांक घालून पाठवतो, मी म्हटलं. उशिरा आलेला तुकडा आपल्या जागी बसतो किंवा टाकून दिला जातो, शेजारी जाऊन उभा राहत नाही. त्याचेही आजार आहेत. चित्र अडकतं, चौकोन चौकोन होऊन फुटतं, कधी पार बंद पडतं. जुना कॅमेरा आजारी पडला की कण्हतो, नवा गप्पच होतो. दोघांतला कुठलाच मेलेल्या माणसाला ओळखत नाही.

एवढं बोलून मी मागे गेले आणि डबीतली बंगल्याकडची तार उपसली. खिडकीतून "गेला!" असा एकच आवाज आला. भट्टीवाला पडद्यावर एकटा उभा होता, स्वच्छ, ठसठशीत.

पाच मिनिटं झाली नसतील, बंगल्यावरची मोलकरीण धापा टाकत आली. एवढी गर्दी बघून ती बावरली.

"पाहुण्यांनी पाठवलंय," ती पहारेकऱ्याला म्हणाली. "त्यांच्या खोलीतला टीव्ही बंद पडलाय. कारखाना दिसेना म्हणतात."

चाळीस माणसं तिच्याकडे बघत राहिली. बंगल्यात बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचा उंट सगळ्यांसमोर बसला होता. ज्या तारेने द्रष्ट्यांना दृष्टी दिली, तिनेच दादांना उभं केलं होतं. हे दुसरं त्यांच्या गावीही नसावं. आयतं सापडलं, वापरलं. त्या संध्याकाळी ते आवारात आले नाहीत आणि सकाळी बंगल्यातूनही गेले होते. मॅनेजरने कागद फाडला. माणसं पेट्या पुन्हा हातात देऊ लागली, जरा जास्तच अदबीने. एकानेही वहिनींची माफी मागितलेली मी ऐकली नाही.

निघायच्या आधी मी त्यांना भेटायला काळ्या भिंतीपाशी गेले. त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली नाही.

"पडद्यावरचा तो म्हणजे हे नव्हते, मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "हे डावखुरे होते. बाटली कायम डाव्या हातात धरायचे. पडद्यावरचा उजव्या हाताने धरायचा, माझ्यासारखा."

"मग बोलला का नाहीत?"

"मला चालत होता तो. बाकीचे पळाले, तो तरी शेजारी उभा होता."

त्यांच्यापुढे मला बोलता आलं नाही, ते इथे लिहिते. वहिनींना मी दोष देत नाही. दुःखात माणूस काय धरून बसतं ते त्याचं त्याला. पण त्या चाळीस जणांनी अकरा वर्षं दादांच्या हातून बाटल्या घेतल्या होत्या. रोज सकाळी त्यांचा डावा हात पुढे आलेला पाहिला होता. महिनाभर खिडकीला नाक लावून ते 'दादा, दादा' म्हणत राहिले आणि पडद्यावरच्या दादांनी बाटली भलत्याच हातात धरलीय हे एकालाही दिसलं नाही. चमत्कार बघायच्या नादात ते आपल्याच माणसाला विसरले, आणि त्याच्या जित्या बायकोला वाळीत टाकलं. तारा आणि लाटा सगळ्यांना कळायला हव्यात असं मी म्हणत नाही. पण कुणी तुम्हाला अद्भुत दाखवलं, तर डोळे मिटू नका. नीट बघा, आठवा, आणि विचारा. एवढं केलं असतं तर त्या बाईला उशिरा आलेल्या लाटेच्या सोबतीवर महिनाभर भागवावं लागलं नसतं.